बाख शिकायचा तर फक्त पियानोवरच का?

काळी_दोन:
लहानपणापासून पेटी वाजवते. पेटीत पट्टी दाबली की सूर ठरला, पुढे जे काय ते भात्याच्या हातात. सुरावरून सुरावर घसरणारी मींड नाही, सूर झुलवणारं आंदोलन नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, तेव्हाही हीच तक्रार होती. गेल्या महिन्यात बर्लिनमध्ये एका वाद्य बनवणाऱ्याच्या कारखान्यात क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं तारांचं, पट्ट्यांचं वाद्य वाजवायला मिळालं. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला पितळेची बारीक पात असते. ती खालून तारेला भिडते आणि पट्टी सोडेपर्यंत तिथेच टेकून राहते. म्हणजे सूर लागल्यावरही तार आपल्या बोटाशी बांधलेली! बोट किंचित दाबलं की सूर चढतो, हलवत राहिलं की आंदोलन. जर्मनमध्ये त्याला 'बेबुंग' म्हणतात. पट्ट्यांच्या वाद्यावर आंदोलन! अंगावर काटा आला. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख आणि त्याच्या मुलांचं संगीत केवळ पियानोवर शिकवणं मला चूक वाटतं.

षड्ज_पंचम:
असहमत. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका बारीक की शेजारी कुणी बोललं तरी ऐकू येत नाही. त्या काळचं दुसरं पट्ट्यांचं वाद्य, हार्पसिकॉर्ड, दिवाणखाना भरून टाकतं, पण त्यात पिसाची दांडी तार छेडते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. ही उणीव भरून काढायलाच फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने 1700च्या सुमारास हातोड्यांचं वाद्य, म्हणजे पियानो, केलं. खुद्द थोरल्या बाखने 1747 साली पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे झिल्बरमान या कारागिराचे पियानो वाजवले होते.

काळी_दोन:
वाजवले, पण ते आजचे पियानो नव्हते. आत लोखंडी चौकट नाही, हातोड्या हलक्या, तारा बारीक. बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचंच बघा. पहिला भाग संपूर्ण, तारांचा नाद थांबवणाऱ्या दाबपट्ट्या उचलून, म्हणजे तारा मोकळ्या ठेवून वाजवा असं त्याने लिहिलंय. आजच्या पियानोवर अक्षरशः तसं केलं तर सुरांचा चिखल होतो. 1801च्या पियानोत सूर लवकर विरायचा, म्हणून ती सूचना शहाणी होती.

खर्जाची_तार:
जुळणीचं कुणीच बोलत नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पियानोचा गंधार चढा असतो. युरोपातल्या जुन्या 'मीनटोन' जुळणीत गंधार शुद्ध लागतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ती जुळणी लगेच आपली वाटते. मला वाटली.

षड्ज_पंचम:
पण त्या जुळणीत काही स्वरपट्ट्यांत सूर चक्क केकाटतात! बाखचा 1722चा 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर' हा संग्रह चोवीसच्या चोवीस स्वरपट्ट्यांतून फिरतो, तो तिथे चालणारच नाही. बेथोव्हेनचा मुद्दा मात्र मान्य. बाखचा अजून नाही. त्या संग्रहाच्या नावात त्याने 'क्लॅव्हिअर' एवढंच लिहिलं, म्हणजे पट्ट्यांचं कुठलंही वाद्य.

काळी_दोन:
मग त्यात क्लॅव्हिकॉर्डही आलंच ना? पियानो काढून टाका असं मी म्हणत नाहीये. विद्यार्थ्याला निदान एकदा त्या तारेवर बोट ठेवू द्या. आणि रेकॉर्डिंग ऐकणार असाल तर रात्री, पंखा बंद करून. आवाज वाढवू नका, तो मुळातच तेवढा असतो.