अनुभव धागा : घरच्या घरी स्टेक, हवा तेवढाच शिजलेला

उन्हाळ्यात ग्रिल बाहेर निघालं की तोच प्रश्न येतो: बाहेरून करपला, आत कच्चा. कट, जाडी, तापमान असं नेमकं लिहा. 'अंदाजाने' चालणार नाही.

सुरुवात माझ्याकडून. रिबाय (बरगडीकडचा चरबीदार कट) दीड इंच जाड घ्या. पाऊण इंची तुकड्याला बाहेर रंग येईस्तोवर आत वेल डन (पूर्ण शिजलेला) होऊन बसतो. खाताना आतलं तापमान (अंश सेल्सिअस) : रेअर (आत लाल) ५०-५२, मिडियम रेअर (लालसर गुलाबी) ५४-५७, मिडियम (गुलाबी) ६०-६३. सत्तरीपुढे चामडं. तव्यावरून काढल्यावरही पारा ३-४ अंश चढतो, म्हणून ५५ हवं असेल तर ५१ ला उतरवा.

*

थर्मामीटर वरून खुपसू नका, कडेने आडवा घालून टोक मधोमध आणा. हाडाला किंवा चरबीच्या पट्ट्याला टेकलं तर आकडा चुकतो. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, तेही अधूनमधून बघावं. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून स्टेकशी तुलना करायची युक्ती मला पटत नाही. फिले आणि सरलॉइन (दोन वेगळे कट) एकाच तापमानाला बोटाला सारखे लागत नाहीत.

*

मीठ कधी लावता? एक तर शिजवायच्या आधी किमान पाऊण तास, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना. मधल्या १५-२० मिनिटांत मीठ पाणी बाहेर ओढतं आणि ते परत आत मुरायला वेळ मिळत नाही. ओल्या पृष्ठभागाची उष्णता पाणी उडवण्यातच जाते. रंग येत नाही, स्टेक वाफवला जातो. सगळ्यात छान म्हणजे मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये जाळीवर उघडा. तरीही टाकण्याआधी कागदी रुमालाने टिपायचाच.

*

जाड तुकड्याला उलटी पद्धत: आधी ओव्हन, मग तवा. १२० अंशाला जाळीवर ठेवा, आत ४६-४८ झालं की बाहेर (साधारण अर्धा तास, पण घड्याळापेक्षा थर्मामीटर खरा). बिडाचा तवा मध्यम आचेवर ७-८ मिनिटं तापवून दोन्ही बाजूंना एकेक मिनिट चटका द्या, कडा चिमट्याने उभ्या धरून. या पद्धतीत नंतर पारा फारसा चढत नाही, ३-४ अंशांचा हिशेब इथे लावू नका. बटर आधी घातलं तर दुधाचा अंश जळून कडवट होतो. साजूक तुपात ती भानगडच नाही, बेरी आधीच गाळलेली. एक्झॉस्ट मात्र आधी लावा, नाहीतर स्मोक अलार्म आहेच!

*

"एकदाच उलटा" हा नियम विसरा. दर अर्ध्या मिनिटाला उलटला तर कडेचा राखाडी थर पातळ राहतो.

*

मुंबई-गोव्यात खाटकाकडे 'अंडरकट' मागा, म्हणजे टेंडरलॉइन, कमरेकडचा सगळ्यात मऊ कट. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही बंद, त्यामुळे मिळतं ते म्हशी-रेड्याचं. त्यात चरबी कमी, ५७ च्या वर नेलं की कोरडं. त्याच दिवशी कापलेलं असेल तर दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर चिवट लागतं. पपई चोळू नका. वरचा थर लगदा होतो, आत काही फरक पडत नाही.

*

अमेरिकेत पाकिटावर 'ब्लेड टेंडराइज्ड' (सुया टोचून मऊ केलेलं) लिहिलं असेल तर रेअर नको. सुयांनी वरचे जंतू आत ढकललेले असतात. ६३ अंश आणि ३ मिनिटं विसावा.

*

कापल्यावर कच्चा निघाला तर तव्यावर परत टाकू नका. १२० च्या ओव्हनमध्ये ४-५ मिनिटं ठेवून बघा. जास्त शिजलेल्यावर उपाय नाही; धाग्यांना आडवे, पातळ काप करून सॅलडमध्ये.