'टाकलेलं', 'सोपवलेलं', 'अनाथ': कुठे काय म्हणावं?

प्रश्न: इंदुरात बाल कल्याण समितीचे (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी सरकारी समिती) कागद हिंदीत येतात. मराठी घरी गृहभेटीला गेल्यावर 'अभ्यर्पित बालक' म्हणजे काय हे आईला, आजीला कसं सांगायचं? 'समर्पित' म्हटलेलं चालेल का?

उत्तर: नको. 'समर्पित' ऐकलं की देवाला वाहिल्यासारखं वाटतं. सरळ 'सोपवलेलं मूल' म्हणा. पालकांनी समितीपुढे येऊन, समुपदेशनानंतर, लेखी सोपवलेलं. जोडपं विवाहित असेल तर दोघांची सही लागते. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची. मग फेरविचाराला 2 महिने मिळतात. ही मुदत पहिल्याच भेटीत सांगा, कारण 'सही केली म्हणजे संपलं' असं समजून मूल परत हवं असलेल्या आयासुद्धा गप्प बसतात.

दुसरं उत्तर: वरच्या उत्तरातल्या ताईंशी सहमत. पण 'टाकलेलं' जास्त घात करतं. एमवायच्या (इंदुरातलं मोठं सरकारी रुग्णालय) आवारात किंवा बाळ सोडण्यासाठी ठेवलेल्या पाळण्यात बाळ मिळालं की अहवालात लगेच 'परित्यक्त', म्हणजे टाकलेलं, लिहून मोकळे होतात. ते ठरवणं समितीचं काम, तेही चौकशीनंतर. तोवर 'सापडलेलं मूल' लिहा. हरवलेलं किंवा पळवलेलंही असू शकतं ना! प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे न्यायचं, पालकांचा शोध घ्यायचा. दत्तकासाठी मोकळं ठरवायला 2 वर्षांपर्यंतच्या बाळाला 2 महिने, त्याहून मोठ्याला 4 महिने.

प्रश्न: पोलिसांच्या धाकाने नातेवाईक बोलतच नाहीत, त्यांना काय सांगू?

उत्तर: 2015 च्या बाल न्याय कायद्यात स्पष्ट आहे: टाकलेल्या किंवा सोपवलेल्या मुलाच्या या चौकशीत जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवायचा नाही. हे आधी सांगा, मग नाव-गाव विचारा.

आणखी एक: वडील वारले, आई आहे, मूल आजोळी राहतं, तर ते 'अनाथ' नव्हे. आपल्याकडे बाप गेला की सर्रास तसं म्हणतात, आणि अर्जातही तेच उतरतं. छाननीत आई हयात निघाली की अर्ज अडकतो. 'एकल पालकाचं मूल' लिहा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून प्रायोजकत्वाचे महिना 4,000 रुपये अशा मुलालाही मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न खेड्यात 72,000 आणि शहरात 96,000 रुपयांपर्यंत हवं. 'प्रायोजकत्व' हा शब्द मात्र आजीपुढे काढू नका, 'मूल घरीच राहावं म्हणून मदत' एवढं पुरतं.