आठ अंकी एलईडी दिनदर्शिकेत १ लख्ख आणि ८ मंद का दिसतो?

मुलुंडकर

नमस्कार. आईला भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारीख आता चष्मा लावूनही लांबून दिसत नाही, म्हणून तिच्या पलंगासमोरच्या भिंतीसाठी मी एलईडी अंकांची दिनदर्शिका करत आहे. दिवसाचे दोन, महिन्याचे दोन आणि वर्षाचे चार असे सात सेगमेंटचे (पेटणाऱ्या सात पट्ट्यांचे) आठ लाल अंक घेतले आहेत. सगळे कॉमन कॅथोड आहेत, म्हणजे एका अंकातील सर्व सेगमेंटांची ऋण टोके एकत्र जोडलेली आहेत. ते आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला थेट जोडले असून प्रवाह मर्यादित ठेवणारे रेझिस्टर कमी लागावेत म्हणून प्रत्येक अंकाच्या कॅथोडवर २२० ओहमचा एकच रेझिस्टर ठेवला आहे.

अडचणी तीन आहेत. ११ तारखेला पहिले दोन अंक लख्ख दिसतात, पण २८ तारखेला तेच अंक इतके फिकट होतात की दिवसा आईला ते वाचता येत नाहीत. प्रत्येक अंकात शेजारच्या अंकाची पुसट सावली दिसते. शिवाय दर मिनिटाला सोबतच्या तापमानमापकावरून तापमान वाचताना बाकीचे अंक विझून एकच अंक पाऊण सेकंद पेटून राहतो. सुट्टे भाग आणायला शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, तेव्हा काय घ्यावे हे कृपया सांगावे.

जुना तंत्रज्ञ

आपण लक्षणे नेमकी लिहिल्यामुळे निदान सोपे झाले आहे. रेझिस्टर कॅथोडवर असल्याने त्या अंकाला मिळणारा सगळा प्रवाह ठरावीक राहतो: पाच व्होल्टमधून लाल एलईडीचे दोन वजा केले, तर २२० ओहममधून सुमारे साडेतेरा मिलिअँपिअर वाहतात. १ लिहिताना हा प्रवाह दोन सेगमेंटांत वाटला जातो, ८ लिहिताना सातांत. त्यातच अंक एकेक करून आळीपाळीने पेटत असल्याने प्रत्येक अंक आठातला एकच वाटा वेळ पेटतो. म्हणून रेझिस्टर अंकाला नव्हे, सेगमेंटला हवेत.

मात्र केवळ रेझिस्टर हलवून थांबू नका. तसे केल्यावर ८ लिहिताना कॅथोडच्या पिनमधून नव्वदहून अधिक मिलिअँपिअर जाऊ पाहतील आणि आर्डुइनोवरील एटीमेगा ३२८पी या मुख्य चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० आहे. कॅथोडच्या बाजूला यूएलएन २८०३ ही जास्त प्रवाह पेलणारी चिप घाला. त्यात आठ वाटा असतात, म्हणजे आठ अंकांना एकच चिप पुरते. तिच्यात साधारण एक व्होल्ट खर्च होतो, म्हणून सेगमेंटवर २२० ऐवजी १५० ओहमचे रेझिस्टर लावा. आजवर अंक पेटवण्यासाठी आपण पिन खाली (शून्य व्होल्टकडे) ओढत होता, ती आता वर (पाच व्होल्टकडे) न्यावी लागेल, हे प्रोग्रॅममध्ये विसरू नका.

सावली पडते ती क्रम चुकल्यामुळे. चालू अंक आधी विझवावा, मग सेगमेंट बदलावेत आणि त्यानंतरच पुढचा अंक पेटवावा. तिसरी अडचण बहुधा डीएस१८बी२० या तापमानमापकाची असावी, कारण बारा बिटांचे मोजमाप पूर्ण करायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपला प्रोग्रॅम वाट पाहत थांबतो. मोजमाप सुरू करून पुढे निघून जावे आणि सेकंदाने उत्तर वाचावे. अंक बदलण्याचे काम टायमरच्या इंटरप्टवर टाकावे, म्हणजे ठरावीक वेळाने चालू काम क्षणभर थांबवून ते आपोआप होते. दर मिलिसेकंदाला एक अंक बदलला तर पूर्ण फेरी सेकंदाला १२५ वेळा होते आणि डोळ्याला लुकलुक जाणवत नाही.

दीपमाळ

वरील निदान अचूक आहे, परंतु वर्षानुवर्षे भिंतीवर राहणाऱ्या वस्तूसाठी मी मॅक्स ७२१९ ही चिप सुचवेन. ती कॉमन कॅथोडचे आठ अंक स्वतःच फिरवते, आर्डुइनोच्या तीनच पिना घेते आणि सर्व सेगमेंटांचा प्रवाह एकाच रेझिस्टरने ठरवते. उजेडाच्या सोळा पायऱ्या मिळतात, त्यामुळे रात्री आईंच्या डोळ्यांवर झगमगाट येणार नाही. चिपच्या अगदी जवळ १० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावाच. ते नसतील तर अंक मधूनच भलतेच उमटू शकतात.

वारही दाखवायचा असेल तर सात सेगमेंटांत ‘सोम’ किंवा ‘गुरु’ उमटवण्याचा नाद सोडावा. देवनागरीची शिरोरेषा आणि गाठी त्यात मावत नाहीत. त्याऐवजी अंकांच्या दशांशचिन्हाच्या पिना मोकळ्या सोडून चिपच्या त्या वाटेवर सात सुटे एलईडी लावा, प्रत्येकाचा कॅथोड एकेका अंकाच्या तारेला जोडा आणि वर ट्रेसिंग पेपरवर र, सो, मं, बु, गु, शु, श अशी अक्षरे लिहून पट्टी बसवा. वेगळी चिप लागत नाही.

आणखी एक विनंती: ब्रेडबोर्डवर थांबू नका, सगळे जोड डाख देऊन पक्के करा. पावसाळ्यात इथल्या खाऱ्या, दमट हवेत खुपसलेल्या तारांचे टोक काळवंडते आणि मग दोष सापडता सापडत नाही.

पंचांगप्रेमी

घड्याळासाठी, म्हणजे तारीख-वेळ सांभाळायला, डीएस ३२३१ घ्यावे. शून्य ते चाळीस अंश तापमानात त्याची चूक दशलक्षात दोन भागांपर्यंतच राहते, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. त्याच्या काही स्वस्त मोड्यूलवर बटणसेल चार्ज करणारा भाग असतो; त्यात साधा सीआर२०३२ बसवणार असाल, तर तो चार्ज करण्यासाठी बनलेलाच नसल्याने त्या वाटेतला डायोड काढून टाकावा.

भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका दाखवणेही सोपे आहे. तिचा चैत्र १ हा २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला येतो. चैत्राचे दिवस ३०, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी ३१ आणि पुढचे महिने ३० दिवसांचे. तिथीचे गणित मात्र असे सरळ नाही. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, पण त्याची गती बदलत असल्याने तिथीला कधी वीस तासांहून कमी, तर कधी सव्वीसच्या आसपास तास लागतात आणि त्यातूनच क्षय व वृद्धी होतात. पंचांगातून रोजची सूर्योदयाची तिथी एकेका बाइटमध्ये भरून ठेवावी; दहा वर्षांच्या तिथी चार किलोबाइटच्या आत बसतात.

मुलुंडकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. यूएलएन २८०३ आणि मॅक्स ७२१९ दोन्ही आणले. आधी यूएलएन लावून पाहिला: रेझिस्टर सेगमेंटवर नेल्यावर ११ आणि २८ सारखेच उजळ दिसू लागले आणि क्रम बदलताच सावली पूर्ण गेली. कारण डोळ्यांनी पाहिल्यावर आता कायमच्या जोडणीसाठी मॅक्स ७२१९ घेतला आहे. वारांची अक्षरे आईने स्वतः काढून दिली आहेत. त्यातल्या ‘मं’चा अनुस्वार ट्रेसिंग पेपरवर पुसट येतो, म्हणून तो जाड शाईने पुन्हा काढायचा आहे.