क्लाउडमधील एंडपॉइंटचे बदल केवळ एपीआयमार्फतच व्हावेत का?

तापीकाठ (जळगाव)

माझे मत आरंभीच मांडतो. नेटवर्क एंडपॉइंट (आपल्या खाजगी जाळ्यातून एखाद्या क्लाउड सेवेकडे जाणारी खाजगी वाट) तयार करणे, बदलणे आणि काढणे ही तिन्ही कामे एपीआयमार्फत (प्रोग्रामने क्लाउडला थेट आज्ञा देण्याच्या सोयीने), म्हणजे दुसऱ्या माणसाने तपासलेल्या स्क्रिप्टमधूनच व्हावीत आणि कन्सोलवर, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, माणसाला केवळ पाहण्याचा अधिकार असावा.

आमची छोटी कंपनी रावेर-यावल भागातील केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची प्रणाली चालवते. सर्व्हर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई विभागात आहेत, आणि काटापावत्यांची छायाचित्रे एस-थ्री या तिथल्या फाइल-साठवण सेवेत साठवली जातात. खाजगी सबनेटमधून (जाळ्याच्या इंटरनेटशी थेट न जोडलेल्या भागातून) ही छायाचित्रे नॅट गेटवेच्या, म्हणजे बाहेर नेणाऱ्या दाराच्या, वाटेने गेली, तर तासाचे आणि शिवाय प्रत्येक जीबीचे पैसे पडतात. गेटवे एंडपॉइंटच्या वाटेला मात्र वेगळा आकार नाही. आमच्याकडे असा एंडपॉइंट होता, पण तो कन्सोलवरून हाताने करताना तीनपैकी एका रूट टेबलवर (कोणती वाहतूक कोणत्या वाटेने जाईल ते ठरवणाऱ्या तक्त्यावर) खूण करायची राहून गेली, आणि दोन महिने त्या सबनेटची सगळी छायाचित्रे नॅटमधून जात राहिली. काहीच बंद पडले नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात आले ते बिल पाहून. रूट टेबलांची यादी स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असती, तर ती तपासणाऱ्याला दोनच नावे दिसली असती.

भुसावळ यार्ड

मी सहमत नाही. कन्सोलवरचे बटण दाबले तरी आतून विनंती एपीआयलाच जाते, आणि ती कोणी केली याची नोंद क्लाउडट्रेल या नोंदवहीत दोन्ही प्रकारे होते. नव्वद दिवसांपर्यंतची तर काही वेगळी तजवीज न करताही पाहता येते. तेव्हा शिस्तीचे श्रेय एपीआयला देण्याचे कारण नाही. हाताने केलेली चूक एका ठिकाणी होते, स्क्रिप्टची चूक एका दमात सगळीकडे होते, एवढाच फरक मला दिसतो.

माझ्या आधीच्या नोकरीतील अनुभव सांगतो. एंडपॉइंटच्या धोरणात (कोणाला काय करता येईल त्या नियमांत) फरक आढळला की जुना काढून नवा करायचा, अशी स्क्रिप्ट आम्हीच लिहिली होती. नव्या एंडपॉइंटला नवा ओळख-क्रमांक मिळाला. बकेटच्या, म्हणजे एस-थ्रीतील साठवण-कप्प्याच्या, धोरणात मात्र ‘या क्रमांकाच्या एंडपॉइंटमधून न आलेली प्रत्येक विनंती नाकारावी’ असे लिहिलेले होते, आणि तो क्रमांक आता अस्तित्वातच नव्हता. रात्रीची सगळी कामे अडली. प्रशासकाने कन्सोल उघडला तर त्यालाही नकार, कारण कन्सोलची विनंती एंडपॉइंटमधून येत नाही. शेवटी मूळ खात्याने, म्हणजे रूट वापरकर्त्याने, आत शिरून बकेटचे धोरण काढले तेव्हा सुटका झाली. कन्सोलवर काढताना निदान ‘डिलीट’ हा शब्द स्वतः टाइप करावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत माणूस एकदा विचार करतो.

पांझरा (धुळे)

दोघांचेही अनुभव खरे मानतो, पण भुसावळ यार्ड यांच्या उदाहरणात दोष एपीआयच्या चुकीच्या वापराचा आहे. एंडपॉइंटचे धोरण, रूट टेबल किंवा सबनेट बदलण्यासाठी तो काढावा लागत नाही. त्यासाठी बदलाची स्वतंत्र क्रिया आहे आणि तिच्यात ओळख-क्रमांक तोच राहतो. शिवाय बकेटची अट एंडपॉइंटच्या क्रमांकाऐवजी व्हीपीसीच्या (क्लाउडमधील आपल्या खाजगी जाळ्याच्या) क्रमांकावर घालता येते. ती थोडी सैल होते, कारण त्या व्हीपीसीतील कोणताही एस-थ्री एंडपॉइंट मग चालतो, पण एंडपॉइंट नव्याने केला तरी दार बंद होत नाही.

एपीआयकडून काम करून घेताना उत्तर नीट वाचण्याची सवय मात्र हवी. इंटरफेस एंडपॉइंट (सबनेटमध्ये स्वतःचा पत्ता घेणारा, पैसे लागणारा प्रकार) मागितल्यावर होकार येतो तेव्हा तो बहुधा ‘पेंडिंग’ अवस्थेत असतो, ‘अव्हेलेबल’ होईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे लागते. काढण्याची विनंती यशस्वी दिसते, पण जे निघाले नाहीत त्यांची यादी उत्तराच्या आत वेगळी असते आणि ती कोणी वाचत नाही. उत्तर येण्याआधीच संपर्क तुटला आणि स्क्रिप्टने तीच मागणी पुन्हा केली, तर दोन इंटरफेस एंडपॉइंट तयार होऊ शकतात, आणि त्यांचे पैसे प्रत्येक अव्हेलेबिलिटी झोनमागे (विभागातील स्वतंत्र डेटा-केंद्र गटामागे) तासाने लागतात. दोन्ही वेळा एकच क्लायंट टोकन (मागणीची ओळखखूण) पाठवले तर दुसरा तयार होत नाही.

तापीकाठ यांना एक सावधगिरीची सूचना: राहिलेले रूट टेबल आता जोडाल तेव्हा त्या सबनेटमधून एस-थ्रीशी चालू असलेल्या जोडण्या तुटतील. काट्यावर गाड्यांची रांग असताना ते करू नये.

अधिकाराविषयी आमच्याकडचेच उदाहरण देतो. पांझरेवरच्या सामुदायिक सिंचनाच्या फड पद्धतीत प्रत्येक शेतकरी आपल्या हाताने बारे (शेताकडे पाणी वळवायची वाट) फोडत नाही. पाणी पाटकरी देतो. पण पाटकऱ्यालाही बंधारा काढून टाकण्याचा अधिकार नसतो. स्क्रिप्टच्या रोलला (तिला दिलेल्या अधिकार-ओळखीला) तयार करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार असावा, काढण्याचा नसावा.

भुसावळ यार्ड

पाटकऱ्याचे उदाहरण पटले. पण पाटकरी ठेवायला गाव लागते. तिघांच्या चमूत स्क्रिप्ट एकाने लिहिलेली असते, टेराफॉर्म या साधनाची स्टेट फाइल (काय काय तयार केले आहे त्याची नोंद) त्याच्याच लॅपटॉपवर असते, आणि तो पुण्याला नोकरीला गेला की उरलेले दोघे कन्सोलकडेच वळतात. मग प्रत्यक्षात एक आणि फाइलीत दुसरेच, अशी स्थिती होते, जी निव्वळ हाताने केलेल्या कामापेक्षाही वाईट आहे.

तापीकाठ (जळगाव)

स्टेट फाइलबाबत भुसावळ यार्ड यांनी नेमके दुखणे ओळखले. आमची फाइल आजपर्यंत माझ्याच लॅपटॉपवर होती, ती या आठवड्यात सामायिक बकेटमध्ये हलवतो. काढण्याचा अधिकार स्क्रिप्टच्या रोलमधून वगळतो आणि टेराफॉर्ममध्ये एंडपॉइंटवर ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लावतो, म्हणजे आराखड्यात ‘काढून नवा करणार’ असे आले तर काम तेथेच थांबेल. कन्सोलवर मात्र केवळ पाहण्याचाच अधिकार राहील. त्या मतावर मी ठाम आहे.

भुसावळ यार्ड

राहू द्या. फक्त एक विचारतो, भाऊ: उद्या बकेटने सगळ्यांनाच नाकारले, तर रूट खात्यात शिरताना पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड कोणाच्या फोनवर येतो?

तापीकाठ (जळगाव)

मालकांच्या. आणि ते रावेरकडे बागेत असले की त्यांचा फोन लागत नाही. दुसरे उपकरण नोंदवून ते कार्यालयाच्या तिजोरीत ठेवण्याविषयी उद्याच त्यांच्याशी बोलतो.