मदत हवी आहे : जाहिरातीतलं लॅब्राडॉरचं पिल्लू घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घर वावरातच आहे, आजी दिवसभर एकटी असते, म्हणून कुत्रं पाळायचं ठरलं. बाबा म्हणतात, गावठी आणा, आपल्या उन्हात तेच टिकते. मलाही पटतं. पण धाकट्या भावाला लॅब्राडॉरच पाहिजे, आणि आजी त्याच्या बाजूने.

भावाने ऑनलाइन जाहिरातीतून नागपूरचं एक पिल्लू शोधलं. विकणारा म्हणतो घरचंच आहे, धंदा नाही. किंमत ९ हजार. मी स्वतः फोन केला तेव्हा बऱ्याच गोष्टी खटकल्या. पिल्लू ३५ दिवसांचं, आणि त्याच दमात ‘सगळ्या लसी झाल्या’! पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर ‘ती गावी पाठवली’. दूध पिती पिल्लं टाकून? वरून २ हजार टोकन आजच पाठवा, पिल्लू ट्रॅव्हल्समध्ये बसवून देतो, यवतमाळला उतरवून घ्या.

शेजाऱ्यांनी असंच पिल्लू आणलं होतं. आठवडाही झाला नाही तर रक्ताची हगवण, आणि गेलं. पार्व्हो होता. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, पण गाईबैलांतून त्यांना सवड मिळेल तेव्हा.

हा माणूस खरा की खोटा, हे इथे बसून कसं ओळखायचं? आणि पिल्लू घ्यायचंच तर जाऊन काय काय बघायचं?

जागल्या :
ताई, टोकन पाठवूच नका. ‘पैसे वापस करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणतील तं फोन ठेवून द्या. स्कॅन करून पिन टाकला की आपलेच पैसे जातात. कोणाचे गेलेच असतील तं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. त्याले म्हणा, आत्ताच्या आत्ता व्हिडिओ कॉल करून पिल्लू आईजवळ दाखव. कुत्री गावी गेली म्हणते, बाप्पा! लग्नाले गेली काय?

पळसफूल :
३५ दिवसांत सगळ्या लसी होऊच शकत नाहीत. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांची, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुढचे डोस. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. शिवाय २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, आवाज बदलतो का बघा.

दुसरं म्हणजे, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो. तुमचं पिल्लू कुठलंही असो, गावठी असलं तरी, लसी पुऱ्या होईपर्यंत शेजारच्या अंगणात सोडू नका. आणि लॅब्राडॉर आणलाच तर मे महिन्यात वावरात बांधून ठेवता येणार नाही, दुपारी घरातच घ्यावा लागेल. आजी घेईल का?

धागाकर्ती :
आजी कोंबड्यांनाही घरात घेते, तो प्रश्न नाही. 😄 व्हिडिओ कॉलचं म्हटल्यावर त्याने फोन कट केला, आता उचलत नाही. भाऊ रुसला आहे. त्याने दुसरी जाहिरात दाखवली, हीसुद्धा नागपूरचीच. पिल्लू दोन महिन्यांचं आहे, आई-पिल्लं एकत्र दाखवली, घरी येऊन बघा म्हणाले. लसीच्या कार्डाचा फोटो आला आहे. त्यात काय तपासू?

पळसफूल :
लसीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने ‘लस दिली’ लिहिलेलं धरू नका. डॉक्टरांना फोन करून खात्री करा. जाल तेव्हा पिल्लू नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवून मगच पैसे देऊ, असं आधीच सांगून ठेवा. सकाळच्या पहिल्या एसटीने निघा म्हणजे ओपीडी सापडेल.