नवीन वास्तूचा नारळ फोडण्याआधी जुन्या इमारतीच्या गच्चीवर कोण चढणार?

वेशीपाशी:
विषय छोट्या गावांचा आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या ‘ब’ आणि ‘क’ वर्ग नगरपरिषदांचा, २५ हजार ते १ लाख वस्तीची गावं. पुण्या-मुंबईच्या पालिकांवर सगळेच बोलतात, इथलं कुणी बोलत नाही. बऱ्याच ठिकाणी २०२१-२२ पासून प्रशासक होता, डिसेंबर २०२५ मध्ये एकदाच्या निवडणुका झाल्या, आता सभागृहात माणसं बसलीत तर त्यांच्यापुढे हे मांडायलाच हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. नवीन वास्तूचा ठराव आला की तिची देखभाल पुढची दहा वर्षं अंदाजपत्रकातल्या कुठल्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरातून, होणार ते त्याच ठरावात लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ठराव घ्यायचाच नाही. आणि ज्या इमारती, टाक्या, बागा आधीपासून आहेत त्यांच्यासाठी स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के दरवर्षी बाजूला काढायचे, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही.

१० टक्केच का म्हणाल तर आपल्या घरपट्टीचा हिशोब बघा. भाड्यावर आकारणी होते तिथे वर्षाच्या अपेक्षित भाड्यातून १० टक्के दुरुस्तीपोटी वजा करतात आणि उरलेल्यावर कर बसतो. म्हणजे घर म्हटलं की दरवर्षी दुरुस्ती लागणार हे कायद्याला मान्य आहे, मालकाला तशी सूट पण दिलीय, मग तीच नगरपरिषद स्वतःच्या टाऊन हॉलसाठी, वाचनालयासाठी, व्यायामशाळेसाठी एक रुपया का बाजूला ठेवत नाही? राज्य सरकारच्या ‘वैशिष्ट्यपूर्ण’ नाहीतर नगरोत्थान योजनेतून निधी येतो तो नवीन बांधकामाला, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतात, आणि वॉचमनच्या पगाराची वेळ आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

निवृत्त_ओव्हरसियर:
शंभर टक्के सहमत. माझी सगळी नोकरी बांधकाम विभागात गेली म्हणून इमारत नेमकी मरते कशी ते सांगतो. सुरुवात गच्चीवरून होते. पन्हाळीच्या तोंडाशी पालापाचोळा साचतो, त्यात पिंपळाचं रोप येतं, पाणी तुंबतं आणि स्लॅबमध्ये मुरायला लागतं. या टप्प्याला पावसाळ्याच्या आधी एक माणूस वर पाठवला, रोप मुळासकट काढलं आणि भेग बुजवली की काम संपलं. नाही पाठवला तर आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. खालून बघणाऱ्याला वाटतं प्लास्टर पडलं, म्हणून तिथे नवीन प्लास्टर मारून वर रंग देतात, आणि रोग आत तसाच राहतो. मग कधीतरी ‘इमारत धोकादायक’ असा बोर्ड लागतो आणि पाडून नवीन बांधायचा प्रस्ताव तयार होतो. किरकोळ दुरुस्तीचं बिल करायला कुणाला उत्साह नसतो, नवीन इमारतीचं टेंडर मात्र सगळ्यांना हवं असतं, हे मी आत राहून बघितलंय.

हद्दवाढ_भाग:
दोघांचं वाचलं, आणि दोघांशीही असहमत.

तुम्ही ज्या वास्तू म्हणताय त्या सगळ्या जुन्या गावात आहेत, पेठेत, चौकात. आम्ही हद्दवाढीत आलेले लोक. ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आलो, घरपट्टी वाढली, पण गटार अजून नाही, पाण्याची लाईन अर्ध्या गल्लीपर्यंत येऊन थांबलीय, पावसाळ्यात पोरं चिखलातून शाळेत जातात. आमच्याकडे देखभाल करायला आहे काय? आम्हाला सगळं पहिल्यांदाच मिळायचंय. उद्या तुमचा नियम आला की ‘आधी जुन्याची दुरुस्ती, दहा वर्षांचा हिशोब द्या, मग नवीन’, तर त्यात पहिला बळी आमच्या गटाराचा जाणार, नाट्यगृहाचा नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांचं जपायचं आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी थांबायचं, याला मी न्याय म्हणणार नाही.

हिशेबनीस:
भावना दोन्हीकडच्या बरोबर आहेत पण पैसे कुठून येतात ते कुणीच बोलत नाहीये. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून सरकारकडून सहायक अनुदान येतं आणि ते पगारातच संपतं. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, एवढंच. केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाचा पैसा यायचा, पण लहान शहरांसाठी त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, तो टाऊन हॉलच्या गच्चीवर खर्च करताच येत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून महिला-बालकल्याणाला ५ टक्के, दिव्यांगांना ५ टक्के, दुर्बल घटकांना ५ टक्के राखून ठेवावे लागतात, ते योग्यच आहे. वरून पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल. आता यातून अजून १० टक्के काढा म्हणता, तर कुठून काढायचे तेही सांगा की!

माझं उत्तर कुणाला आवडणार नाही. चतुर्थवार्षिक कर आकारणी वेळेवर करा. चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी ती पुढे पुढे ढकलतात, कारण नोटिसा निघाल्या की हरकतींचा ढीग येतो, मोर्चे येतात, आणि वाढ स्थगित करून घेणारा नेता हिरो होतो. दोन मजले वर चढवलेल्या घराची पट्टी तळमजल्याचीच चालू असते. हे चालू असेपर्यंत देखभाल निधीच्या गप्पा कागदावरच राहणार.

सुमनताई:
कर वाढवा म्हणणं सोपं आहे हो हिशेबनीस भाऊ. माझं पेन्शनवर चालतं आणि मी मार्चच्या आत पट्टी भरते, रांगेत उभी राहून. बड्या थकबाकीदारांची यादी नगरपरिषदेच्या फळ्यावर लागते, त्यातली तीच नावं वर्षानुवर्षं तिथे. आधी त्यांची वसुली करा, मग माझ्याकडे या. आणि गाळ्यांचं भाडं बघा एकदा. मूळ गाळेधारक कोण आणि आत बसलेला कोण याचा पत्ता नाही, नगरपरिषदेला जुनं नाममात्र भाडं आणि पोटभाडेकरूकडून बाजारभावाने वसुली. तो पैसा गावाचा आहे ना? मेन रोडवरच्या गाळ्यांचा नीट फेरलिलाव झाला तर बऱ्याच गच्च्यांची सोय होईल, माझी पट्टी न वाढवता.

तळजाई_नव्हे:
सगळे एकाच चौकटीत फिरताय. नगरपरिषदेने इमारती सांभाळायच्याच कशाला? टाऊन हॉल, नाट्यगृह, तलाव, बाग, सगळं वीस-तीस वर्षांच्या कराराने खासगी संस्थेला द्या. ते दुरुस्त करतील, चालवतील, वर नगरपरिषदेला भाडं देतील. कंत्राटदाराला आपण शिव्या देतो पण नळाची गळती काढायला तोच येतो.

वेशीपाशी:
@तळजाई_नव्हे, खासगीला विरोध म्हणून विरोध नाही माझा. पण करार केला तरी देखरेख करायला माणूस लागतोच, आणि छोट्या नगरपरिषदेत नेमका तोच नसतो, अभियंत्याचं पद रिकामं, नाहीतर एकाच अभियंत्याकडे दोन गावांचा चार्ज. अमेरिकेत जॉर्जियामधलं सँडी स्प्रिंग्स हे लाखभर वस्तीचं शहर २००५ मध्ये स्थापन झालं तेव्हा त्यांनी पोलीस-अग्निशमन सोडून जवळपास सगळा कारभार खासगी कंपनीला दिला होता, जगभर त्याचं उदाहरण दिलं जायचं. २०१९ मध्ये त्याच शहराने बहुतेक कामं परत स्वतःच्या नोकरांकडे घेतली, कारण हिशोब केल्यावर स्वतः करणं स्वस्त पडत होतं. हा हिशोब करता येणारी माणसं त्यांच्याकडे होती. आपल्याकडे तीस वर्षांचा करार वाचणारं कोण आहे?

@सुमनताई, गाळ्यांचं तुमचं म्हणणं अगदी मान्य, भाड्याचा तो पैसा थेट देखभालीच्या हेडला जोडावा असं मला वाटतं.

निवृत्त_ओव्हरसियर:
खासगीवाल्यांसाठी अजून एक. इमारत खासगी आहे म्हणून सुरक्षित असते असं नाही. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली खासगी इमारत कोसळली, १६ जीव गेले, आणि ती काही जुनाट नव्हती, दहा वर्षांच्या आसपासची. तपासणी करणारी यंत्रणा कुणाची? नगरपरिषदेची. ती यंत्रणा दुबळी ठेवून मालक बदलल्याने काही साधत नाही. कोल्हापूर महापालिका आहे, छोटं गाव नाही, तरी सांगतो, शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासूनचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते. अशा वास्तूसाठी पुन्हा कोटींचा निधी मिळेल, पण ते जुनं लाकूडकाम कुठून आणणार.

हद्दवाढ_भाग:
नाट्यगृह जळालं याचं दुःख मलाही आहे, मी तिथे नाटक बघितलंय. पण बघा, चर्चा परत इमारतींवर गेली. नगरपरिषदेची मालमत्ता म्हणजे फक्त दगड-विटा का? जमिनीखालची पाण्याची लाईन, व्हॉल्व्ह, गटारं, ही मालमत्ता नाही? कराडजवळच्या मलकापूरने २४ तास पाणी दिलं ते मीटर लावून, जास्त वापरेल त्याला जास्त दर, गळती शोधून. तिथे नवीन लाईन टाकणं आणि नीट सांभाळणं ही दोन भांडणारी कामं नव्हती, एकच योजना होती. वेंगुर्ल्याने कचरा वेगवेगळा करून डम्पिंग ग्राउंडची जागा लोकांनी बघायला यावी अशी केली, तेही छोटंच गाव. या दोन्हीकडे खर्च माणसांवर आणि रोजच्या कामावर झाला.

हिशेबनीस:
मलकापूरचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. तिथे मीटर आहे, लोक वापरल्याचे पैसे भरतात. आपल्याकडे मीटरचं नाव काढलं की गावबंद होतो आणि वर्षाला ठरलेली पाणीपट्टी सगळ्यांना सारखी, बंगल्यात बाग भिजवणारा असो की एका खोलीत राहणारा. हद्दवाढीतल्या लोकांना पाणी द्यायचं तर आधी जुन्या गावातल्या सार्वजनिक नळांच्या उघड्या तोट्या बंद करायला लागतील, आणि ते पैसे लावल्याशिवाय होत नाही.

सुमनताई:
मीटरला माझा विरोध नाही, फक्त गरिबाच्या पहिल्या काही हजार लिटरला दर कमी ठेवा.

वेशीपाशी:
@हद्दवाढ_भाग, तुमचा मुद्दा मला पटवून घ्यायचाय म्हणून ठरावात असं म्हणतो: पाणी, गटार, रस्ता, दिवे, ज्या वस्तीत हे नाहीच तिथल्या नवीन कामाला दहा वर्षांच्या हिशोबाची अट लागू नाही. अट फक्त सभागृहं, कमानी, कारंजी, सुशोभीकरण, व्यापारी संकुल यांना. आणि १० टक्क्यांचा निधी जमिनीखालच्या लाईनलाही लागू.

तळजाई_नव्हे:
मग व्यापारी संकुलाला अट कशाला, ते तर उत्पन्न देतं.

निवृत्त_ओव्हरसियर:
भाड्याने गेलं तर देतं. वरच्या मजल्याचे गाळे न गेल्याने वर्षानुवर्षं कुलुपं लागलेली संकुलं तुमच्याही गावात असतील, जाऊन बघा, जिन्यात कचरा आणि बाटल्या.

हद्दवाढ_भाग:
हे असं असेल तर माझा अर्धा विरोध गेला, अर्धा आहे. कारण ‘सुविधा नाहीत’ हे ठरवणार कोण? सभागृहात आमच्या भागाचे दोन नगरसेवक, जुन्या गावाचे त्याच्या कितीतरी पट. म्हणून माझी अट अशी, फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा होण्याच्या महिनाभर आधी नगरपरिषदेने प्रभागवार यादी फळ्यावर लावावी, कुठल्या गल्लीत गटार आहे, कुठे नाही, कुठली लाईन कधी टाकलेली, कुठल्या इमारतीची शेवटची दुरुस्ती कधी झाली. ती यादी लागली, तिच्यावर हरकती घेता आल्या, तर तुमच्या १० टक्क्यांच्या बाजूने आमच्या वस्तीतून सह्या मी स्वतः गोळा करून देतो. यादी नाही तर सही नाही.