फिनालेच्या आधी ‘स्कोर’ होतं
फिनाले आणि सिबेलियस ही संगीत लिहायची सॉफ्टवेअरं येईपर्यंत स्टाफ नोटेशन (स्टाफवर, म्हणजे पाच आडव्या रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत) हातानेच लिहीत, असं म्हटलं जातं. पूर्ण बरोबर नाही. फिनाले १९८८चं, सिबेलियस १९९३चं (तेही आधी फक्त एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या संगणकांवर). स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लेलंड स्मिथ यांचं ‘स्कोर’ हे तसलंच सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधीचं, १९७०च्या दशकातलं.

त्यात माउसने स्वर उचलून ठेवायची भानगडच नव्हती. सगळं टाइप करायचं, तेही पाच फेऱ्यांत: आधी नुसते स्वर, मग त्यांची कालमूल्यं, मग खुणा, मग बीम (छोटे स्वर एकत्र जोडणाऱ्या जाड रेघा) आणि शेवटी स्लर (स्वर सलग घ्यायचे हे दाखवणाऱ्या कमानी). एकच ओळ पाचदा वाचायची! आत प्रत्येक चिन्ह म्हणजे आकड्यांची एक रांग. पहिला आकडा चिन्हाचा प्रकार, दुसरा कितवा स्टाफ, तिसरा आडवी जागा, चौथा उभी. स्लर केसभर वर हवा? आकडा बदला.

किचकट होतं, कबूल. पण चिन्ह सांगू तिथेच बसायचं, परस्पर सरकायचं नाही. म्हणून तर व्यावसायिक छपाईवाले त्याला इतकी वर्षं चिकटून राहिले. आजच्या ‘आपोआप मांडणी’शी झगडताना मला तर त्यांचा हेवाच वाटतो.